वीरकलेची हुरहुर आणि लिहीत राहणं

आजचा विषय श्रोत्यांनीच दिलेला आहे. मागच्या काही व्याख्यानांनंतर जे प्रश्न आले, त्यांत एक तक्रार निरनिराळ्या तोंडांनी आली. कोणी विचारलं, हल्ली महाकाव्य का लिहिलं जात नाही? कोणी म्हणालं, पोवाडा ऐकताना अंगावर काटा यायचा, आताची कविता वाचून काहीच हलत नाही. आणि एकदोघांनी जरा दबक्या आवाजात विचारलं, की इतकं भव्य सगळं होऊन गेल्यावर आपण चार ओळी लिहायच्या तरी कशाला? वही उघडतो आणि मिटून ठेवतो.

आम्हांला हा शेवटचा प्रश्न खरा वाटतो. पहिले दोन त्याच्यावर घातलेली पांघरुणं आहेत. 'आता तसं काही होत नाही' असं एकदा म्हटलं, की 'म्हणून मीही लिहीत नाही' हे सांगायची गरज उरत नाही. तेव्हा आज आपण दोन गोष्टी बघू. वीरकलेची ही हुरहुर नेमकी काय आहे, आणि ती लिहिणाऱ्याला मारते की तारते.

शब्दापासून सुरुवात

इंग्रजीतला 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द दिसतो प्राचीन ग्रीक, पण ग्रीकांना तो माहीत नव्हता. 1688 साली बाझेल इथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी तो घडवला. 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना घराच्या आठवणीने जे दुखणं जडायचं, त्याचं हे नाव. म्हणजे मुळात हा एक रोग होता, आणि तो स्थळाचा होता, काळाचा नव्हता. पुढे तो काळाचा झाला, आणि तिथेच पंचाईत झाली. गावाला परत जाता येतं. गेलेल्या काळाला एस. टी. जात नाही.

मराठीत आपण यासाठी दोन शब्द वापरतो, स्मरणरंजन आणि गतकातरता. दोघांत फरक आहे बरं का. रंजनात सुख आहे. कातरतेत टोचणी आहे. हा फरक होमरने फार सुंदर दाखवलाय. 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात परक्या राजाच्या दरबारात डेमोडोकस नावाचा आंधळा गायक ट्रॉयच्या युद्धाची गाणी म्हणतो. दरबारी मंडळी खुशीत ऐकतात. त्यांच्यात एक अनोळखी पाहुणा बसलेला आहे, तो मात्र अंगावरचं वस्त्र तोंडावर ओढून रडतोय. तो ओडिसिअस. गाणं त्याचंच आहे. ज्यांनी युद्ध पाहिलं नाही त्यांना ते रंजन, आणि ज्याने केलं त्याला वेदना. आपण स्वतःला विचारावं, की वीरकथा ऐकताना आपण कोणत्या बाजूला बसलेले असतो?

तक्रार किती जुनी?

आता बघा, 'पूर्वीसारखे वीर राहिले नाहीत' ही तक्रार आपण आधुनिक काळाची मानतो. तत्त्वज्ञानात तिला मोठा आधारही आहे. हेगेलने 1820 ते 1829 या वर्षांत बर्लिनमध्ये कलेवर चार वेळा व्याख्यानमाला दिली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की महाकाव्याला एक विशिष्ट जग लागतं, जिथे राज्य, कायदे, कचेऱ्या अजून पक्क्या झालेल्या नाहीत आणि एका माणसाच्या मनगटावर सगळ्यांचं भवितव्य अवलंबून आहे. आधुनिक जग गद्य आहे. इथे पोलीस आहेत, नियम आहेत, अर्ज आहेत. इथे महाकाव्याच्या जागी कादंबरी येणार. (जाता जाता सांगतो, हेगेलची ही व्याख्यानं तो गेल्यावर 1835 पासून छापली गेली, आणि ती बरीचशी विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून. तेव्हा व्याख्यानं उतरवून घेणाऱ्यांना कमी लेखू नका.)

हेगेलचं निदान चुकीचं आहे असं आम्ही म्हणत नाही. पण त्यातून एक समजूत लोकांनी करून घेतली, की वीरयुगातले कवी वीरांच्या शेजारी बसून गात होते, आणि आपण मात्र उशिरा आलो. हे खरं नाही. 'इलियड' साधारण इसवी सनापूर्वी आठव्या शतकातलं मानलं जातं, आणि ते ज्या युद्धाबद्दल बोलतं ते परंपरेनुसार त्याच्याही काही शतकं आधीचं. पाचव्या सर्गात डायोमीडीस एक धोंडा उचलतो, आणि कवी लगेच सांगतो, की हल्लीच्या दोन माणसांनाही तो उचलला नसता. 'हल्लीच्या' हा शब्द लक्षात घ्या. होमरही 'हल्लीची माणसं' म्हणून उसासा टाकतोय! बरं, कवी सोडा. पहिल्या सर्गात खुद्द म्हातारा नेस्टर ॲकिलीस आणि ॲगामेम्नॉनला सुनावतो, की माझ्या तरुणपणी जे पुरुष होते तसे आता पाहायला मिळत नाहीत. म्हणजे ॲकिलीसच्या तोंडावर 'हल्लीची पोरं' म्हणणारा माणूस त्याच काव्यात आहे.

आपल्याकडे यायचं तर महाभारत घ्या. ते सांगितलं जातं जनमेजयाच्या सर्पसत्रात, म्हणजे अर्जुनाच्या पणतवासमोर. आणि मौसलपर्वात काय होतं? कृष्ण गेलेला आहे. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन अर्जुन निघाला आहे. वाटेत आभीर हातात काठ्या घेऊन चाल करून येतात. गांडिवाला दोरी चढता चढत नाही, अस्त्रं आठवत नाहीत, न संपणारे बाण संपतात. ज्याने कर्णाला पाडलं तो काठीवाल्यांसमोर हतबल होतो. वीरकाव्य स्वतःच वीराच्या हातातलं बळ गेल्याचं सांगतं. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने महाभारताचा मुख्य रस वीर न मानता शांत मानला, तो उगीच नाही.

यानंतर अर्जुन कुणाकडे जातो? व्यासांच्या आश्रमात. म्हणजे कवीकडे. धनुष्य थांबतं तिथे कवीचं दार लागतं. आम्हांला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. वीरकला ही वीरतेच्या ऐन भरात जन्मत नाही. ती बहुधा वीरता निसटल्याच्या जाणिवेतून जन्मते. तेव्हा आपण उशिरा आलो म्हणून लिहू शकत नाही, हे कारण टिकत नाही. होमरही उशिराच आला होता.

पण पोवाड्याचं काय?

इथे कोणी हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. पोवाडा तर घटनेच्या ऐन जवळ रचला जात असे. अफजलखानाचा वध 10 नोव्हेंबर 1659चा, आणि त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालीनच मानला जातो. तिथे हुरहुर कुठे आहे?

नाहीये, कबूल. आणि म्हणूनच ही हरकत आमच्या उपयोगाची आहे. त्या शाहिराने 'रामायणासारखं आता काही घडत नाही' असं म्हणत डफ खुंटीला टांगून ठेवला नाही. समोर जे घडलं ते त्याने उचललं. आपल्याला त्या पोवाड्याची हुरहुर वाटते, पण त्या शाहिराला ती वाटत नव्हती. त्याच्याकडून घ्यायचं तर हे घ्यावं. तलवार नाही, समोरच्याकडे बघणं.

उत्साह म्हणजे काय

मागे आपण पाहिलं, की भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक स्थायी भाव आहे. शृंगाराला रती, करुणाला शोक. वीराला काय? पुष्कळ जण 'शौर्य' असं उत्तर देतील. भरत म्हणतो, उत्साह. शौर्य तिथे अनुभाव म्हणून येतं, म्हणजे आतला उत्साह बाहेर कसा दिसतो त्यातला एक प्रकार. आणि उत्साह कशाने जागा होतो याची यादी तो देतो, तिची सुरुवात होते असंमोह आणि अध्यवसाय या दोहोंपासून. असंमोह म्हणजे गांगरून न जाणं. अध्यवसाय म्हणजे ठरवून, चिकाटीने केलेला प्रयत्न. बळ आणि पराक्रम त्यानंतर येतात. शिवाय वीर एका प्रकारचा नाही. दानवीर आहे, धर्मवीर आहे, युद्धवीर आहे. पुढच्या आचार्यांनी दयावीरही त्यात घेतला.

रोजच्या मराठीत उत्साह म्हणजे आपल्याला लग्नघरातली लगबग आठवते. पण शब्द फोडून बघा. उत् अधिक सह्. सह् म्हणजे सोसणं, पेलणं. आपल्या 'सहन' शब्दातला तोच धातू. म्हणजे उत्साहात उसळी आहे, पण तिच्या पोटात सोसणं आहे. जो भाव स्थायी आहे तो दिवाळीतल्या फुलबाजीसारखा असून कसं चालेल?

ही जुळणी लक्षात आली की आपला प्रश्न बदलतो. वीरकला म्हणजे मोठ्या माणसांबद्दलची कला, असं आपण धरून चाललो होतो. पण रसाच्या दृष्टीने ती उत्साहाची कला आहे. विषय केवढा, यापेक्षा पेलण्याचा भाव किती खरा, हे मोजायचं.

एक अडचण मात्र लपवून चालणार नाही. भरताने वीररस 'उत्तम प्रकृती'च्या माणसांचा मानला आहे, आणि उत्तम कोण, हे परंपरेने बरंच आधीच ठरवून ठेवलं होतं. ही चौकट मोडणं हेच आपल्याकडे आधुनिक वीरकलेचं काम झालं. 1869 साली जोतीराव फुल्यांनी शिवाजीमहाराजांवर पोवाडा लिहिला. रूप जुनंच, पण त्यात महाराज 'कुळवाडीभूषण' म्हणून उभे राहिले, शेतकऱ्याचा राजा म्हणून. 1959 साली अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' आली. ज्या समाजावर इंग्रजी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यातला एक मांग तरुण, वारणेच्या खोऱ्यातला, दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो. युद्धवीर, दानवीर, दयावीर, काय म्हणाल ते. लिहिणारा माणूस शाळेत जेमतेम गेलेला, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहणारा. त्याच्याकडे हुरहुर करत बसायला निवांतपणा नव्हता, आणि 'वीरयुग संपलं' असं त्याला कोणी सांगितलं असतं तर तो हसला असता. ज्यांची वीरगाथा अजून लिहिलीच गेली नव्हती, त्यांचं वीरयुग संपणार कसं?

उशीर, थंडी आणि वय

आता दूरचं एक उदाहरण, कारण त्यात आजच्या विषयाचे दोन्ही धागे एकत्र येतात. जॉन मिल्टन. तरुणपणी, तिशीच्या आसपास, याच्या मनात राजा आर्थरवर महाकाव्य लिहायचं होतं. आपल्या देशाचा प्राचीन वीर, तलवारी, सरदार, सगळा सरंजाम. ते काव्य त्याने कधीच लिहिलं नाही. मधली वीस वर्षं राजकारणात गेली. राजेशाहीविरुद्ध लिहिलं, प्रजासत्ताकाची नोकरी केली. 1652 पर्यंत दृष्टी पूर्ण गेली. 1660 साली राजेशाही परत आली, याची पुस्तकं जाळली गेली, काही काळ अटकही झाली. ज्या स्वप्नावर आयुष्य लावलं ते डोळ्यांदेखत, खरं तर डोळे गेल्यावर, कोसळलं.

अशा माणसाने स्मरणरंजनात बुडून जावं याला सबळ कारण होतं. त्याने काय केलं? तो रात्री आणि पहाटे मनातल्या मनात ओळी रचत असे आणि सकाळी जो कोणी भेटेल त्याला त्या उतरवून घ्यायला सांगत असे. लेखनिकाला यायला उशीर झाला तर म्हणायचा, की माझी धार काढायची राहिली आहे. गोठ्यातली उपमा आहे, आपल्याला लगेच कळते. धार वेळेवर काढली नाही तर गाईला त्रास होतो. त्याच्या पुतण्याने नोंदवून ठेवलंय, की त्याला काव्य सुचायचं ते मुख्यतः हिवाळ्याच्या सहा महिन्यांत. म्हणजे वर्षाचे सहा महिने कोरडे. तरीही 1667 साली 'पॅरेडाइज लॉस्ट' दहा सर्गांत प्रसिद्ध झालं. हातात पहिल्यांदा मिळाले पाच पौंड.

त्या काव्याच्या नवव्या सर्गाच्या सुरुवातीला मिल्टन कथा थांबवून स्वतःबद्दल बोलतो. आतापर्यंत युद्धालाच वीरविषय मानलं गेलं, सरदारांच्या खोट्या लढायांची लांबलचक वर्णनं झाली, पण धीराने सोसण्याचं मोठेपण कोणी गायलं नाही, असा त्याचा मुद्दा आहे. भरताच्या उत्साहातला 'सह्' इथे भेटतो, नाही का? लगेच पुढे तो आपली भीतीही सांगतो. युग फार उशिराचं आहे, हवा थंड आहे आणि माझं वय झालंय, या तिन्हींनी माझे पंख ओले होऊन मी खाली येईन की काय!

मंडळी, आमची सत्तरी उलटून गेली आहे. या तीन भीतींतली तिसरी आम्ही रोज सकाळी भेटतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी पहिली भीती कळवलीच आहे. पण बघा, मिल्टनने या भीती आधी घालवल्या आणि मग लिहिलं, असं झालं नाही. त्याने त्या काव्यातच घातल्या. पुढचे सर्ग त्या भीतीसकट लिहिले गेले.

नट आणि नाटककार

आता आपल्या घरचं उदाहरण. वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट'. 1970च्या डिसेंबरात गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगमंचावर आणलं, डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले. कथा आपल्याला ठाऊक आहे. मोठमोठ्या भूमिका गाजवलेला नट निवृत्त होतो, होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकतो, आणि मग मुलांच्या घरात त्याला जागा उरत नाही. पाठीमागे 'किंग लिअर'ची सावली आहे.

या नाटकाकडे आपण बहुधा कृतघ्न मुलांची गोष्ट म्हणून बघतो. थोडं बाजूला सरून बघा. बेलवलकर ज्या भाषेत जगला ती वीरनाट्याची भाषा आहे. राजे, सेनापती, स्वगतं. ती भाषा दोन खोल्यांच्या संसारात मावत नाही. सुनेशी बोलताना, नातीशी खेळताना जुन्या भूमिका मध्येच उसळून वर येतात. हेगेलचं गद्य जग आणि त्यात अडकलेला पद्य माणूस! तो मोठा नट आहे, पण त्याच्यापाशी आता नवी भूमिका नाही. जुन्याच भूमिका तो पुन्हा पुन्हा म्हणतो. हुरहुर माणसाला कोंडते ती अशी.

पण त्याच वेळी नाटककार काय करतोय? शिरवाडकर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. त्यांनाही त्या जुन्या रंगभूमीची, तिच्या उंच सुराची ओढ असणार, नाहीतर बेलवलकरची वाणी त्यांना सापडलीच नसती. फक्त त्यांनी तो जुना सूर जसाच्या तसा परत आणला नाही. तो हरवल्याचं दुःख हाच विषय केला, आणि मराठी नटाला एक नवी, भली थोरली भूमिका लिहून दिली. पात्र हुरहुरीत अडकलं, आणि तिच्यातूनच लेखकाने नाटक काढलं. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, की हुरहुर ही मोजपट्टी केली तर ती हात बांधते, आणि माती म्हणून वापरली तर तिच्यातून मडकं घडतं.

मोजपट्टीचा आणखी एक धोका थोडक्यात सांगतो. वीरकलेची ओढ जेव्हा निर्मितीकडे वळत नाही, तेव्हा ती दुसऱ्यांकडून वीरतेची मागणी करू लागते. आपण आरामखुर्चीत बसून तरुणांना म्हणतो, तुमच्यात दम नाही. स्वतः चार ओळी लिहिणं अवघड, दुसऱ्याला मरायला सांगणं सोपं. ओडिसिअस आपलं गाणं ऐकून का रडला, हे अशा वेळी आठवावं.

मग करायचं काय?

तत्त्वज्ञानाच्या माणसाने उपाय सांगू नयेत म्हणतात. पण प्रश्न विचारणाऱ्याने वही मिटून ठेवली आहे, तेव्हा नुसती मीमांसा करून उठणं बरं दिसत नाही.

एक. जुनं भव्य साहित्य जरूर वाचा, मोठ्याने वाचा. पण लिहायला बसण्याच्या ऐन आधी नको. मिल्टन वाचून लगेच लेखणी उचलली तर ती जड लागणारच.

दोन. विषय शोधताना 'हे मोठं आहे का' असं विचारू नका. 'इथे कोणी काय पेलतंय' असं विचारा. आजारी नवऱ्याचं पाच वर्षं करणारी शेजारीण, पावसाने तीनदा पेरणी वाया गेल्यावर चौथ्यांदा बियाणं आणणारा भाऊ. यांच्यात अध्यवसाय आहे. उगीच त्यांना डफ-तुणतुण्याच्या थाटात उभं करू नका, मात्र. जे आहे तेवढंच नीट बघून लिहा.

तीन. लिहिता येत नाही, हेही लिहिता येतं. पण तिथेच मुक्काम करू नका. बेलवलकरचं ऐका आणि शिरवाडकरांसारखं उठा.

आणि हे केल्याने तुमचं लिखाण थोर होईल, असं आश्वासन आम्ही देत नाही. पुष्कळ पानं फुकट जातील. पण थोर होणार असेल तरच लिहीन, ही अट आपणच घातलेली आहे. व्यासांनी, होमरने ती घातलेली नाही.

व्यासांचं नाव निघालंच आहे तर शेवटी एक शब्द. महाभारतातच, आदिपर्वात, असं सांगितलंय की व्यासांनी हे आख्यान तीन वर्षांत रचलं, आणि तिथे त्यांना एक विशेषण लावलंय: 'सदोत्थायी'. सदा उठणारा, रोज उठून कामाला लागणारा. एवढ्या अफाट ग्रंथाच्या कर्त्याचं वर्णन करताना प्रतिभा, साक्षात्कार, दिव्यदृष्टी असं काहीही म्हणता आलं असतं. परंपरेने निवडला तो शब्द साधा आहे, शेतकऱ्याला किंवा दूधवाल्याला शोभेल असा. कौरव गेले होते, पांडवांचा काळ सरला होता, आणि हा म्हातारा रोज उठत होता.

पुढच्या वेळी आपण शांतरसाकडे वळू आणि अभिनवगुप्ताने त्याची बाजू कशी मांडली ते बघू. आजच्या विषयावर प्रश्न असतील तर जरूर पाठवा. आणि प्रश्नाबरोबर कोणी आपल्या चार ओळी पाठवल्या, तर त्या आम्ही आधी वाचू. नमस्कार.